अडकलेलं कुठं सोडायचं?

कर्नाटकी बेंदराचा, म्हणजे ज्येष्ठातल्या बैलांच्या सणाचा, दुसरा दिवस, सकाळचे नऊ. जागा : मिरजेच्या पूर्वेला एका गावाबाहेरचा मळा, विहिरीचा काठ. हजर : विहिरीचे मालक भूपालआण्णा, त्यांची सून सुजाता, गोठा तीच बघते, जनावरांचे डॉक्टर माने, माझ्याकडचा फिटर शंकर, आणि मी. गैरहजर : गोठ्यातले दोन्ही गडी, कारण आदल्या दिवशी बैलांपुढं नाचून त्यांचे पाय धरले होते. शिंगांचा रंग मात्र हजर होता. तो शंकरच्या पँटला लागला होता.

बैठकीला अशी हजेरी लिहायची माझी सवय जुनी आहे. लोक हसतात, मी लिहिते. कारण महिन्याभरानं काम फसलं की 'मला कुणी सांगितलंच नव्हतं' असं म्हणणारा एकजण हमखास निघतो. त्याच्यासमोर कागद ठेवला की तो गप्प बसतो. पण या वेळी झालं ते उलटंच. ज्यानं काम बिघडवलं तो हजर होता, त्यानं माझा शब्द न शब्द नीट ऐकला होता, आणि मी बोलले त्याबरहुकूम तो वागला होता. अशा माणसाचं काय करायचं, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

आधी माझा धंदा सांगते. मी पाण्यातून अँटिबायोटिक काढते. लग्नकार्यात कुणाला असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "म्हणजे आरओ का?" नाही. आरओ नाही. कोळसा.

गायीला दगडी होते, म्हणजे कास सुजून दगडासारखी होते. मग डॉक्टर सडात औषधाची ट्यूब सोडतात, इंजेक्शन देतात. त्या औषधातलं गायीच्या अंगाला लागतं तेवढं लागतं, उरलेलं मुतातून आणि दुधातून जसंच्या तसं बाहेर पडतं. गोठा धुतला की ते मोरीत, मोरीतून खड्ड्यात आणि खड्ड्यातून मुरत मुरत विहिरीत. कोंबड्यांच्या शेडचं तेच, दवाखान्यांचं तेच, औषधं बनवणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. पाणी दिसायला नितळ, वास नाही, चव नाही. तुम्ही तांब्याभर प्यायलात तरी तुम्हाला काही होणार नाही, आणि माझी खरी अडचण हीच आहे. कुणी आडवं पडत नाही, म्हणून कुणी घाबरत नाही. होतं ते असं, की पाण्यातल्या, शेणातल्या, आपल्या पोटातल्या जंतूंना त्या औषधाची रोज थोडी थोडी सवय होत जाते. मग ज्या दिवशी खरंच गरज पडते, त्या दिवशी औषध लागू पडत नाही.

"उकळून प्यायलं तर?" असं विचारतात. उकळून जंतू मरतात, औषध बरंचसं तसंच राहतं. "तुरटी?" नाही. "कापडानं गाळलं तर?" साखरेचं पाणी कापडानं गाळून बघा आणि मला सांगा गोडी राहिली का गेली.

कोळशाचं वेगळं आहे. तासगाव भागात खरड छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. त्या आम्ही आणतो, बंद भट्टीत हवा न लागू देता भाजतो आणि लाल झाल्यावर वाफ सोडतो. वाफेनं कोळशात बारीक बारीक बिळं पडतात. बिळात बीळ, त्यात आणखी बीळ. चमचाभर कोळशाची आतली सगळी अंगं उलगडून जमिनीवर पसरता आली, तर ती गुंठ्यात मोजावी लागतील. पाणी या बिळांतून जाताना औषध भिंतीला चिकटतं. गवतातून चालत गेलं की धोतराला कुसळं चिकटतात तसं. पाणी पुढं जातं, कुसळ राहतं. बस्स, एवढाच माझा धंदा.

फक्त एक लक्षात ठेवायचं. कोळशाची ही गाडी एसटीसारखी आहे. सगळ्या सीटा भरल्या की पुढचं औषध दाराला हात लावून निघून जातं. आणि भरलेली गाडी मोकळ्या स्टँडवर नेऊन उभी केली, म्हणजे वापरलेला कोळसा स्वच्छ पाण्यात टाकला, की आत बसलेलेही एकेक करून उतरायला लागतात.

हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. ऐकतात सगळे. करतात काय?

फलटणकडच्या एका दूधवाल्यानं नवाकोरा कोळसा पिंपातून काढून त्यावर कणसं भाजली. मी गेले तर पिंप निम्मं रिकामं. विचारलं, तर अपराधी वाटणं सोडाच, कौतुकानं म्हणाला, "मॅडम, धूरच न्हाई बगा. लय झ्याक कोळसा!" जतच्या एका पोल्ट्रीवाल्यानं दुप्पट मोठं पिंप मागितलं. मला वाटलं, काळजी घेणारा माणूस आहे. बसवून झाल्यावर पाणी चाखून बघितलं आणि म्हणाला, "हे अजून खारंच हाय की!" बोअरचं खारं पाणी गोड होईल या आशेनं त्यानं घेतलं होतं. औषधाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मी परत निघाले तरी तो गाडीच्या काचेशी येऊन विचारत होता, "आनि एक पिंप लावलं तर हुईल का गोड?"

तर अशा गिऱ्हाइकांत भूपालआण्णा म्हणजे मला देवमाणूस वाटले. सत्तरी ओलांडलेले, ताठ, बोलणं मोजकं. जे सांगितलं ते मनावर घेणारे. मला वाटलं, सुटले!

त्यांच्या गोठ्यात वर्षभर दगडीची औषधं लागू पडेनाशी झाली होती. माने डॉक्टरांना शंका आली. गोठ्याच्या सांडपाण्याचा खड्डा विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, तोही मातीचा. त्यांनी विहिरीचं पाणी पुण्याला तपासायला पाठवलं आणि त्यात तीच औषधं निघाली, जी ते गायींना देत होते. डॉक्टरांनी मला बोलावलं.

मी आण्णांना म्हटलं, "घाबरण्यासारखं नाही. सावकाश करू."

"सावकाश न्हाई चालायचं, बाई," आण्णा म्हणाले. "आषाढ चतुर्दशीला चातुर्मास बसतोय. गावात माताजींचा संघ येणार हाय."

मला अर्थ लागेना. तेव्हा सुजातानं सांगितलं. हे दिगंबर जैनांचं घर. मुनी किंवा माताजी, म्हणजे साध्वी, गावात असल्या की त्यांच्या आहाराचा स्वयंपाक ज्या चौक्यात होतो, तिथं नळाचं, बोअरचं पाणी चालत नाही. विहिरीतून हातानं शेंदलेलं आणि कापडानं गाळलेलंच लागतं. गावात पाण्यानं भरलेल्या अशा विहिरी आता दोनच राहिल्या आहेत. आण्णांच्या आजोबांपासून चौक्याला पाणी जातं ते याच विहिरीचं. दुसरी विहीर त्यांच्या चुलतभावाची. तिचं नाव काढल्यावर आण्णांनी मान दुसरीकडे वळवली. भाऊबंदकीचा तपशील मी विचारला नाही.

म्हणजे मुदत महिन्याची. मी कामं वाटून दिली. गड्यांनी मातीचा खड्डा बुजवायचा, सांडपाणी सिमेंटच्या टाकीत न्यायचं. औषध चालू असलेल्या गायीचं दूध सुजातानं मोरीत न ओतता वेगळं टाकायचं. आणि विहिरीचं पाणी शंकरनं मोटर लावून कोळशाच्या पिंपातून फिरवायचं. वर उपसायचं, पिंपातून काढायचं, परत विहिरीत सोडायचं. दिवसाचे आठ तास, पाणी निवळेपर्यंत.

सगळे हो म्हणाले. मी वही मिटत होते तेवढ्यात आण्णांनी विचारलं, "बाई, येक सांगा. ह्या पिंपात जीव मरनार न्हाईत न्हवं?"

माझं लक्ष मोटरवरच्या पाटीकडे होतं. मी म्हटलं, "मरत नाहीत, आण्णा. अडकतात."

"अडकत्यात," आण्णा म्हणाले. "बरं."

हे 'बरं' मला तेव्हा ऐकू यायला हवं होतं.

पंधरवड्यानं नमुने घेतले. दोन बाटल्या : एक पिंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची, एक विहिरीची. पुण्याहून उत्तर आलं. पिंपातलं पाणी स्वच्छ. विहिरीचं जवळजवळ पहिल्यासारखंच.

आता तुम्हीच सांगा. रोज आठ तास स्वच्छ पाणी विहिरीत पडतंय आणि विहीर निवळत नाही. कपाळाला हात लावावा तर हात कोळशानं काळे.

मी एकेकाला धरलं. आधी शंकरला. "नळी उलटी जोडली असशील."

"मॅडम, नळी उलटी जोडली तर पाणी तुमच्या अंगावर येतंय. आलं का?"

नव्हतं आलं. मग गड्यांना. खड्डा नीट बुजवला नसणार. बेंदराला शिंगं रंगवून उरलेला रंग मी टाकीत कालवला आणि विहिरीवर जाऊन बसले, कुठून पाझर येतो बघायला. रंग विहिरीत उतरला नाही हे नशीब, नाहीतर आण्णांनी मलाच उतरवलं असतं. मग डॉक्टरांना फोन केला. "डॉक्टर, औषधाचं दूध कुठं ओतताय?"

"मॅडम, मी डॉक्टर आहे. दूध मी ओतत नाही."

मग राहिली सुजाता. तिला मी जरा गोडीनं विचारलं, पण तिला कळायचं ते कळलं. हातातली चरवी तिनं खाली ठेवली. "ताई, आजारी गाईचं दूध मी स्वतः नेऊन लांबच्या खड्ड्यात टाकते. गड्यांच्या हातात देत नाही. विश्वास नसेल तर राहायला या आणि बघा."

तिला वाटलं मी लाजेन. मी संध्याकाळी बॅग घेऊन गेले. चतुर्दशी दहा-बारा दिवसांवर आली होती, लाजायला वेळ कुणाला होता? तिनं निमूटपणे अंथरूण घातलं. जेवण मात्र दिवस मावळायच्या आत वाढलं. त्या घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही.

सकाळी उजाडता उजाडता जाग आली ती विहिरीवरच्या रहाटाच्या आवाजानं. बाहेर आले. विहिरीच्या काठावर आण्णा, नुकती अंघोळ केलेले, ओलं धोतर. पिंपाचं झाकण उघडून बाजूला ठेवलेलं. पिंपातला वरचा कोळसा त्यांनी ओंजळी-ओंजळीनं दुहेरी पांढऱ्या कापडात घेतलेला, आणि समोरच्या बादलीत तो हलक्या हातानं चोळून, खळबळून धूत होते. तान्ह्या पोराला अंघोळ घालावी तसं. बादलीतलं पाणी शाईसारखं काळं. मग ते काळं पाणी त्यांनी दुसऱ्या बादलीत ओतलं. त्या बादलीच्या तळालाही कडी होती आणि कडीला दोर. ती बादली त्यांनी हळूहळू विहिरीत सोडली, पाण्याला टेकल्यावर दोराला हलका हिसका दिला, बादली अलगद उलटली. ओठांत णमोकार चालू होता.

"आण्णा!" मी ओरडले. "हे काय करताय?"

त्यांनी हातानं थांबा म्हणून खूण केली. मंत्र पुरा केला. मग म्हणाले, "जिवाणी सोडतोय."

जिवाणी म्हणजे काय, ते त्यांनीच मला तिथं उभ्याउभ्या सांगितलं. पाणी गाळलं की कापडावर बारीक जीव अडकतात. ते कापड झटकून टाकायचं नाही. त्याच विहिरीच्या पाण्यात खळबळून ते पाणी त्याच विहिरीत, वरून न आपटता, अलगद परत सोडायचं. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात जगतात. म्हणून तर ती कडीची बादली. हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे.

"पण हे कापड नाही, आण्णा! हा माझा कोळसा आहे!"

"मग? तुमीच म्हनालात की. मरत न्हाईत, अडकत्यात. कोळशात अडकलेलं कोन सोडवनार? शंकर?"

"रोज करता?"

आण्णा जरा ओशाळले. "सकाळचंच हुतंय. सांजच्याला पन करायला पायजे, पर धारा काढायच्या टायमाला माझा घोटाळा नको म्हनून ऱ्हातंय."

एकदाच करतो म्हणून ते माझी माफी मागत होते! मी डोकं धरलं. आता सगळा हिशेब लागला. पिंप दिवसभर औषध धरायचं. आण्णा सकाळी वरचा, सगळ्यात जास्त भरलेला कोळसा चोळून त्याची बारीक बुकणी औषधासकट विहिरीत सोडायचे. विहिरीचं पाणी जरा निवळलेलं असलं की ती बुकणी धरलेलं औषध परत पाण्यात उतरवायची. भरलेली एसटी हे रोज मोकळ्या स्टँडवर नेऊन उभी करत होते. तेही अंघोळ करून, मंत्र म्हणत.

"आण्णा, ऐका. यात अडकतं ते औषध. जीव नाही."

"जीव येकबी न्हाई?"

"असतील थोडेफार, पण..."

"मग?"

माझा तोल गेला. मी म्हटलं, "मग असं, की हे औषध कशासाठी असतं माहीत आहे का? बारीक जीव मारायला. तेच त्याचं काम. जीव वाचवायचे म्हणून तुम्ही रोज सकाळी जीव मारायचं औषध विहिरीत सोडताय!"

आण्णांनी दोर वर ओढला. बादली काठावर ठेवली, सरळ. कापड पिळलं, घडी केली. घाई काही नाही.

"कवापासनं म्हनायचं हे?"

"तुम्ही सुरू केल्यापासून."

"म्हंजे पयल्या दिसापासनं."

ते तिथंच विहिरीच्या काठावर बसले. पाण्याकडे बघत. मी उभी. मग पिंपाचं झाकण उचलून लावलं.

त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत. पाणीसुद्धा घेतलं नाही. सुजाता भांडी विसळताना मला म्हणाली, "ताई, बोललात ते खरंच आहे. पण जरा दमानं सांगायचं होतं. त्यांनी मुंगी चुकवून पाय टाकलाय आयुष्यभर."

मी दमानं बोलत नाही, ही तक्रार माझ्या घरीही आहे. पण दमानं बोलायला वेळ लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. मी शंकरला फोन लावला. त्या दिवसात एवढी कामं काढली : मोटरीतून येणारं पाणी पिंपात जायच्या आधी कापडाच्या पिशवीतून घ्यायचं. पिशवी सुजातानं शिवून दिली, दुहेरी, आण्णांच्या मापानं. पाण्यातले जीव त्या पिशवीवरच थांबतील, त्यांची जिवाणी आण्णांनी खुशाल सोडावी. पिशवीच्या पुढं, पिंपात, फक्त औषध अडकेल. तिथं हात लावायचा नाही. विहिरीच्या तळाशी साचलेला काळा गाळ उपसायचा. पिंपातला सगळा कोळसा काढायचा आणि नवा भरायचा.

संध्याकाळी आण्णा पिशवीजवळ आले. बोटानं शिवण चाचपून बघितली. "हितं जीव."

"हो."

"आनि तितं औषिद."

"हो, आण्णा."

"तितलं मग कुठं सोडायचं?"

"ते माझ्यावर सोपवा," मी म्हटलं. दिवसभर राबून मी दमले होते. आधीचं 'अडकतात' आणि आताचं हे 'माझ्यावर सोपवा', दोन्ही मी अशाच बेसावधपणे बोलले. एवढ्या याद्या करणाऱ्या बाईनं तोंडातून निघणाऱ्या शब्दांचीही एक यादी करायला हवी होती.

जुना कोळसा आणि गाळ आम्ही प्लास्टिकच्या पोत्यांत भरला, तोंडं शिवली, आणि गोठ्यामागं, पत्र्याच्या सपराखाली, सिमेंटच्या कट्ट्यावर रचून ठेवली. चार दिवसांत नेते, असं मी सांगितलं.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं. विहिरीच्या पाण्यात औषध यंत्राला सापडत नव्हतं. माझ्या कामात असा कागद रोज हातात येत नाही. मी तो फोनवर न कळवता स्वतः घेऊन गेले. वाटेत मिरजेतून पेढे घेतले.

आण्णांनी चष्मा लावला. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आकडे इंग्रजीत होते, ते सुजाताला विचारले. मग कागद माझ्या हातात परत देऊन म्हणाले, "आनि पोती?"

"पोती नेते की आण्णा. जागा बघायचं चाललंय. पाणी तर स्वच्छ झालं!"

"पानी झालं, बाई. तुमचं उपकार हायत. पर अडकलेलं अजून हितंच हाय. पावसाचं वारं आलं, पत्रा उडाला, पोतं भिजलं, मग वघळ कुठं जातंय?"

ओघळ विहिरीकडेच जात होता. जमिनीचा उतारच तसा. हे मी पहिल्या भेटीत माझ्या हातानं लिहिलं होतं.

"पोती हलल्याबिगार हितलं पानी मी चौक्याला देनार न्हाई," आण्णा म्हणाले. आवाज वाढवला नाही. पेढा मात्र घेतला.

मी भांडले. सुजाता भांडली. माने डॉक्टरांनी फोनवरून समजावलं. मंदिरातली पंच मंडळी येऊन गेली, म्हणाली, "आण्णा, शास्त्रात कोळशाचं काय बी सांगितलेलं न्हाई." आण्णा म्हणाले, "मग कोळसा सोडून बाकीचं वाचा."

चातुर्मास बसला. चौक्याला पाणी गेलं ते चुलतभावाच्या विहिरीचं. आणि ते आणायला जात होते स्वतः आण्णा. रोज उजाडता, धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर कळशी, ज्या बांधावरून वीस वर्षं पाय टाकला नव्हता त्या बांधावरून. सुजाता म्हणाली, "ताई, दोघं भाऊ बोलत नाहीत अजून. हे पाणी शेंदतात, ते लांब उभे राहून बघतात." यात काही गोड शेवट शोधू नका. भाऊ अजूनही बोलत नाहीत.

आता पोत्यांचं सांगते. चार दिवसांत नेते म्हटलं होतं मी.

साखर कारखान्याच्या बॉयलरला विचारलं. ते म्हणाले, बगॅसशिवाय, उसाच्या चोथ्याशिवाय काही घालणार नाही, आणि औषधाचं नाव काढल्यावर चहासुद्धा अर्धा राहिला. वीटभट्टीवाला एका पायावर तयार झाला. "द्या की, मोप जळंल!" पण त्याची भट्टी धुमसते, तेवढ्या धगीनं औषध पुरतं जळेल याची खात्री नाही, आणि धूर बसतो पलीकडच्या वस्तीवर. त्याला मीच नको म्हटलं. घातक कचरा घेणारी मोठी जागा आहे, ती लांब. ते म्हणाले, भरलेला ट्रक आणा. ट्रक भरायचा तर माझ्या दहा गिऱ्हाइकांची पोती एकत्र करावी लागतील, आणि ती साठवायला जागा लागेल, आणि त्या जागेला परवानगी लागेल. परवानगीच्या कार्यालयात साहेबांनी विचारलं, "हा माल नेमका कशात बसतो? दुग्धजन्य, औषधी का खनिज?" मी म्हटलं, "साहेब, हा द्राक्षाच्या काड्यांचा कोळसा आहे, त्यात गायीचं औषध आहे." ते म्हणाले, "मग शेतीकडे जा." शेतीकडे गेले. त्यांनी विचारलं, "खत म्हणून चालेल का?" नाही चालणार! शेतात टाकलं की पुन्हा मुरणार, पुन्हा विहीर! ज्या कंपनीची औषधं, तिच्या माणसाला गाठलं. तो फार अदबीनं बोलला. माल विकल्यावर त्यांची जबाबदारी संपते.

माझी स्वतःची भट्टी आहे. लाल होईपर्यंत तापवून वाफ दिली तर चिकटलेलं औषध जळून जातं आणि कोळसा पुन्हा वापरता येतो. म्हणजे जो कोळसा माझ्याकडून गेला तो माझ्याकडेच परत यायचा. हे सगळ्यात बरं. पण माझी परवानगी काड्या भाजायची आहे, वापरलेला कोळसा भाजायची नाही. धुरासाठी वेगळी चिमणी हवी, ती बसवली. तपासणी हवी, ती व्हायची आहे. अर्ज दिला. अर्जाला जोडायचा कागद दिला. तो कागद मिळाल्याचा कागद घेतला. एवढं झाल्यावर साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांनी परवा विचारलं, "हा माल नेमका कशात बसतो?"

सत्तावीस वर्षं मी हे काम करतेय. भाषणांत, प्रदर्शनांत एकच गोष्ट अभिमानानं सांगितली : कोळसा औषध धरून ठेवतो. टाळ्या पडतात. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. इंजिनिअरनं नाही, साहेबानं नाही, गिऱ्हाइकानं नाही. विचारला तो आण्णांनी, आणि तो कोळशाविषयी विचारायचा म्हणून नव्हे. लहानपणापासून त्यांना एवढंच शिकवलं आहे की गाळणं हे अर्धं काम. मला त्यांचा राग येतो तो याच्यासाठी.

यंदाच्या कर्नाटकी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक झाली. सकाळचे नऊ, विहिरीचा काठ. हजर : भूपालआण्णा, सुजाता, माने डॉक्टर, शंकर, मी, आणि या वेळी दोन्ही गडी. दगडीची औषधं थोडी लागू पडायला लागली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं; नक्की सांगायला अजून वर्ष जाईल. पाण्याचा ताजा कागद चांगला आला होता. पिशवीची शिवण सुजातानं नवी केली होती. पोती सपराखाली होती. यंदाची त्यांच्या शेजारी रचली होती, वर दुहेरी ताडपत्री, चहूबाजूंनी दगड. ताडपत्री आण्णा रोज तपासतात, सकाळी, जिवाणी सोडून झाल्यावर. मुनी किंवा माताजी गावात असतील तेव्हा त्यानंतर कळशी घेऊन भावाच्या बांधाकडे जातात. गुडघे धरलेत, चालताना कळतं.

मी वहीत लिहिलं. काम : पोती हलवणे. जबाबदारी : मी. मुदत :

आण्णा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. चष्मा नीट केला.

"बाई," ते म्हणाले, "हितं काय लिव्हलं न्हाई तुमी."